जब्बारचा नाक्यावरचा फोन

शहाद्यात माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. दुकानाला लागून एक बंद शटर आहे आणि त्या शटरसमोर खुर्ची टाकून जब्बार बसतो. शटर त्याच्या बापाचं. आत एकेकाळी बंदूक दुरुस्तीचा कारखाना होता. सकलैन मिस्त्री म्हटलं की तापीकाठच्या गुजर-पाटलांच्या घराघरातून मान हलायची. आता आत उंदीर आहेत आणि पुठ्ठ्याची खोकी. ती खोकी माझी आहेत.

जब्बारला लोक ड्रायव्हर समजतात. तसं म्हटलं की त्याला राग येतो आणि मला हसू येतं. त्याचं काम असं की ज्या शेतकऱ्यांकडे पिकांच्या राखणीसाठी लायसन्सच्या बंदुका आहेत, त्यांच्या बंदुका बिघडल्या की त्या आपल्या जुन्या पांढऱ्या मारुतीतून बडोद्याच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे न्यायच्या आणि दुरुस्त करून परत आणायच्या. दुसऱ्याची बंदूक, दुसऱ्याचं राज्य. ऐकायला बेकायदा वाटतं. पण हे काम कायद्याच्या चौकटीत बसतं. मालकाच्या लायसन्सवर गुजरातची हद्द नोंदलेली हवी, लायसन्सचं पुस्तक बरोबर हवं, आणि 'माझी बंदूक दुरुस्तीसाठी नेण्यास मी यांना संमती देतो' असं मालकाच्या सहीचं पत्र हवं. हे पत्र मी टाईप करतो. एवढी वर्षं करतोय, पण एकदाही जब्बारने ते न वाचता घडी केलेलं नाही. माझ्या टायपिंगवर इतका अविश्वास माझ्या बायकोचाही नाही.

बंदूक गाडीत ठेवायची त्याची पद्धत मी पाहिली आहे. दुनळी उघडून नळी वेगळी, लाकडी दस्ता वेगळा. त्याच्या बायकोने, नजमुन्निसाने, जुन्या गोधड्यांच्या जाड पिशव्या शिवल्या आहेत, दोन भाग दोन पिशव्यांत. काडतूस एकही नाही. मालकाने प्रेमाने दिलं तरी नाही. बंदूक गाडीत असेपर्यंत रेडिओ बंद, तंबाखू बंद. मी एकदा विचारलं, गाणं ऐकलं तर बंदूक उडते का रे? तो म्हणाला, परक्या घरातलं माणूस सोबत असल्यावर आपण जरा सावरून बसतो की नाही, तसं. प्रत्येक बंदुकीला तिच्या घराचा वास येतो असंही तो म्हणायचा. कुठे गुऱ्हाळाचा, कुठे धूपाचा. मला सगळ्यांना तेलाचाच वास यायचा.

आणि त्याचा एक नेम होता. परत येताना सागबारा मागे पडला की हद्दीच्या गुजरातकडच्या बाजूला एक चहाची टपरी आहे. तिथे गाडी बाजूला घ्यायची आणि मालकाला फोन लावायचा. निरोप नाही, मुलगा नाही, बायको नाही. खुद्द मालक. "बंदूक मन्हाजोडे शे, हद्दवर शे. तुमन्हीच ना?" पलीकडून मालकाने म्हणायचं, "हां, मन्हीच शे. लई ये." 'माझीच आहे, घेऊन ये' हे मालकाच्या तोंडून ऐकलं की मगच गाडी महाराष्ट्रात. त्याचे जुने गिऱ्हाईक, लोणखेड्याचे मोतीलाल आप्पा, त्याला चिडवायचे, "तू काय लगीन लावी ऱ्हायना का रे? दर खेपले इचारस!" तो हसायचा, पण विचारायचं सोडायचा नाही.

या नेमामागे त्याचा बाप होता. सकलैन मिस्त्री अशीच एका जमीनदाराची बंदूक घेऊन परराज्यातून येत होता. वाटेत त्याला निरोप मिळाला, मालक बरे आहेत, घेऊन ये. तो आला आणि नाक्यावर पकडला गेला, कारण मालक आदल्या दिवशीच वारला होता. लायसन्स माणसाच्या नावावर असतं. माणूस गेला की त्याने दिलेली संमतीही जाते, आणि बंदूक जिथे असेल तिथल्या पोलिसात जमा करायची असते. घरच्यांनी हात वर केले, आम्ही कुठला निरोप पाठवला नाही. मिस्त्री तुरुंगात जाऊन आला. कारखान्याचा परवाना गेला. नंतर तो याच शटरसमोर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, मला खरंच निरोप आला होता हो. लोक मान डोलवायचे आणि पुढे जायचे. शहाद्यात असं ठरून गेलं होतं की मिस्त्रीने माहीत असून जोखीम घेतली आणि ती अंगाशी आली.

जब्बारलाही तसंच वाटायचं. हे त्याने मला एकदाच सांगितलं, चहा पिताना, माझ्याकडे न बघता. बाप शेवटच्या आजारात होता तेव्हा त्याने विचारलं होतं, "बेटा, तू तो मानता है ना?" आणि जब्बार उशी सारखी करत राहिला.  त्यानंतर बाप बोललाच नाही.

"निरोपवर जाऊ नको, मालकना आवाज आयक. जठलोंग मालकमा जीव शे, तठलोंग कागदमा जीव शे," मालक जिवंत तोवरच कागद जिवंत, असं तो पुढे सगळ्यांना शिकवायचा. आपण बापासारखे होणार नाही, एवढी एकच गोष्ट त्याने आयुष्यात कमावली होती आणि ती तो जिवापाड जपत होता.

गेल्या वर्षी भाद्रपदात मोतीलाल आप्पांनी त्याला बोलावलं. दुनळीचा डावा घोडा अडकत होता. मक्यात रानडुकरं शिरत होती आणि दसरा तोंडावर होता. आप्पांच्या घरी दसऱ्याला बंदूक पाटावर ठेवून पूजा होते. तिच्याशिवाय दसरा म्हणजे त्या घरात लग्नाविना वरात. त्या घराची आणखी एक रीत आहे. कर्ता माणूस गेला की बंदूक त्याच्या उजव्या हाताशी ठेवतात आणि थोरला मुलगा सगळ्यांसमोर ती बापाच्या हातातून उचलतो. मगच तिरडी उठते. आप्पांनी ती आपल्या बापाच्या हातातून उचलली होती. हे त्या घरात पोरांना पाळण्यातच ऐकवतात.

जब्बार बडोद्याला गेला. कारागिराने बंदूक दोन दिवस ठेवून घेतली. त्या दोन दिवसांत आप्पांना छातीत दुखायला लागलं.

ज्या सकाळी जब्बार बडोद्याहून निघाला, त्याच सकाळी आप्पा गेले. चहा यायच्या आत. मला ही बातमी दुपार उलटल्यावर कळली, कारण लोणखेड्याची सगळी माणसं तिकडेच होती आणि माझ्या दुकानात त्या दिवशी पंचनाम्याच्या नकलांची गर्दी होती. जब्बार तेव्हा रस्त्यात होता. राजपिपळा, डेडियापाडा, सागबारा. मग ती टपरी. त्याने चहा सांगितला आणि आप्पांना फोन लावला.

बराच वेळ वाजला. मग उचलला.

"आप्पा, मी जब्बार. हद्दवर शे. बंदूक मन्हाजोडे शे. तुमन्हीच ना?"

पलीकडे मागे बायकांचे आवाज येत होते. त्याला वाटलं, टीव्ही चालू असेल. मग आप्पा बोलले. जरा घोगरे, सर्दी झाल्यासारखे.

"हां. मन्हीच शे. लई ये."

जब्बारने चहा संपवला, हद्द ओलांडली. खापर गावाच्या पुढे पोलिसांनी गाडी थांबवली, पिशव्या उघडल्या, कागद पाहिले. मालक कुठे आहे, असं विचारलं. जब्बार छाती काढून म्हणाला, घरी आहेत, आत्ताच बोललो. अक्कलकुव्याच्या बाजाराची गर्दी कापत, तळोदा मागे टाकत तो लोणखेड्याला पोचला, तर अंगणात माणसं बसलेली. तिरडी बांधून तयार. सगळे त्याच्याच वाटेकडे डोळे लावून होते.

"कवय गयात?" त्याने पहिल्या दिसलेल्या माणसाला विचारलं.

"सकायले. चहा बी पिधा नही."

"नही," जब्बार म्हणाला. "मी दुपारले बोलनू त्यासना संगे."

हे तो मोठ्याने बोलला.  आप्पांची बायको नर्मदाबाई प्रेताजवळ बसली होती, तिने मान वर केली. थोरला मुलगा हेमकांत पुढे आला, त्याने दोन्ही पिशव्या घेतल्या, नळी आणि दस्ता जोडला आणि बंदूक बापाच्या हाताशी ठेवली. मग सगळ्यांसमोर उचलली. आप्पांना नेलं. दुसऱ्या दिवशी हेमकांतने बंदूक शहादा पोलिसात जमा केली, वारसाच्या लायसन्सचा अर्ज माझ्याच दुकानात टाईप करून घेतला. तेव्हाही तो माझ्याकडे बघत नव्हता. मला वाटलं, दुःख आहे.

मग गावाला विषय मिळाला. आप्पांचा जीव बंदुकीत होता, मेल्यावरसुद्धा त्यांनी फोन उचलून परवानगी दिली. हे इतकं पसरलं की नंदुरबारहून आलेल्या एका गिऱ्हाईकाने मलाच विचारलं, तो भुताचा फोनवाला मुसलमान इथेच बसतो का? मी त्याला झेरॉक्सचे कागद उलटे लावून दिले. पोलिसांनी जब्बारचा जबाब घेतला तेव्हा साहेब म्हणाले, "मग काय लिहू, भुताने संमती दिली?" सगळे हसले. साहेब भला माणूस होता, त्याने पुढे काही केलं नाही.

जब्बार हसला नाही. दसऱ्यापर्यंतचे ते दिवस मी त्याच्याजवळ बसून काढले आणि खरं सांगतो, मला त्याची भीती वाटायला लागली होती. मोबाईल वाजला की तो खुर्चीतून अर्धा उठायचा. नजमुन्निसा माझ्या दुकानात येऊन म्हणाली, भाईजान, ये रोज गाडी लेके जाते हैं, बॉर्डर पे बैठ के आते हैं, गाडी में कुछ नहीं होता. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, टपरीवर बसतो आणि आवाज आठवतो.

"भिलाभाऊ, ते आप्पाच व्हतात ना?"

"मेलेला माणूस फोन उचलत नाही, जब्बार."

"उचलला असेल तर मी सुटलो," तो म्हणाला. "मालकाने स्वतः सांगितलं, घेऊन ये. जिवंत का मेलेला, ते मला काय माहीत. पण ते नसतील तर मग..."

 मला कळलं. जगात भुताला घाबरणारी माणसं मी खूप पाहिली, पण भूत खरं असावं म्हणून दुवा मागणारा हा एकच. भूत नसेल तर तो मेलेल्या माणसाची बंदूक घेऊन हद्द ओलांडून आला होता. त्याच्या बापासारखा.

आणि मग दसऱ्याच्या आदल्या दिवशी नर्मदाबाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. त्या ओसरीवर बसल्या होत्या. आप्पांचा मोबाईल पदरात. त्यात त्यांनी रिचार्ज मारून घेतला होता आणि रोज तो चार्जिंगला लावत होत्या.

"जब्बार," त्या म्हणाल्या, "त्या दिनले मी त्यासना जोडे बसेल व्हती. ते मन्हा समोर पडेल. आन् मझारथून, आतल्या खोलीमाईन, त्यासना आवाज ऊना. हां, मन्हीच शे, लई ये. मी मन्हा कानवरी आयकं."

जब्बारचा चेहरा उजळला. मला त्याची कीव आली.

"मले झोप लागत नही," त्या पुढे म्हणाल्या. "ते आठेच, घरमा, शेत का गयात, मले समजत नही. तू एकडाव हद्दवर जा. तठून फोन लाव. तुन्हा फोन ते उचलतस. हाऊ फोन मी पाटवर ठेवस, बंदूकना जागावर."

हेमकांत दारात उभा होता. तो म्हणाला, आई, हे काय भलतंच. नर्मदाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. जब्बारने मात्र पाहिलं, बराच वेळ. मग तो उठला आणि म्हणाला, उद्या जातो. मला अंगणात बाजूला घेऊन म्हणाला, "भिलाभाऊ, तू आठेच बस. कोण उचलस ते देख."

दसऱ्याच्या दुपारी मी लोणखेड्याला गेलो. सुतकाचं वर्ष, त्यामुळे तोरण नाही, झेंडू नाही. मधल्या खोलीत पाट मांडलेला. त्यावर दरवर्षी बंदूक असायची, आज मोबाईल होता. नर्मदाबाई पाटासमोर बसल्या, मी भिंतीला टेकून. हेमकांतला त्यांनी हाक मारून आत बसवलं. बाहेर शेजारची पोरं आपट्याची पानं घेऊन हिंडत होती, पण या दाराशी कुणी आलं नाही.

मला भूतबित काही वाटत नाही. मी तसा माणूसच नाही. पण त्या खोलीत मी माझा स्वतःचा मोबाईल बंद आहे ना, हे दोनदा पाहिलं, हे कबूल करतो.

मोबाईल वाजला. पडद्यावर जब्बारचं नाव. नर्मदाबाईंनी हात पुढे केला नाही. त्या फक्त बघत होत्या, पाटाकडे नाही, रिकाम्या हवेकडे, जणू तिथून कुणीतरी वाकेल. मोबाईल पाटावर थरथरत सरकत होता. वाजून वाजून थांबला.

 नर्मदाबाईंचे ओठ हलत होते.

तो पुन्हा वाजला.  या खेपेला हेमकांतने हात लांब केला, फोन उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"आप्पा," टपरीवरच्या गाड्यांच्या आवाजातून जब्बार बोलला, "मी जब्बार. हद्दवर शे. बंदूक नही मन्हाजोडे. फक्त इचारी ऱ्हायनू. त्या रोज तुमीच व्हतात ना?"

हेमकांतने तोंड उघडलं. त्याच्या आईने डोळे मिटून घेतले. तिच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की मला वाटलं, बोल बाबा, एकदा अजून बापाच्या आवाजात बोल, काय जातं तुझं. त्याच्या गळ्यातून घोगरा आवाज निघालाही, "हां..."

आप्पाच. अगदी आप्पा. 

मग तो आवाज फुटला आणि आतून हेमकांत बाहेर आला.

"चाचा, मी शे. हेमकांत. त्या रोज बी मीच व्हतू." तो रडत होता. "आप्पा रातभर इचारी ऱ्हायंतात, बंदूक ऊनी का, बंदूक ऊनी का. तुमले सांगतू तर तुमी तठेच पोलिसमा जमा करतात. मंग मी काय उचलतू त्यासना हातमाईन? चाचा, मन्हा आवाज कवय त्यासनासारखा व्हयना, मले बी समजनं नही."

नर्मदाबाईंनी डोळे उघडले.  पाटाच्या कडेवरून हात फिरवत राहिल्या. घर एकदम रिकामं झालं होतं. आप्पा खरे त्या क्षणी गेले असं मला वाटलं, आणि आम्ही तिघांनी ते बसून पाहिलं.

फोनवर नुसता रस्ता ऐकू येत होता. एक ट्रक गेला. मला वाटलं, आता जब्बार ओरडेल, शिव्या देईल. द्यायलाच हव्या होत्या. मी असतो तर हेमकांतच्या सात पिढ्या काढल्या असत्या.

"म्हणजे निरोप ऊना व्हता," जब्बार अखेर म्हणाला. आवाज खाली, स्वतःशी बोलल्यासारखा. "भिलाभाऊ, तू आयकी ऱ्हायना ना? माणूस खरं बोलस, तरी बी असं व्हस. मन्हा बापले खरंच निरोप ऊना व्हता."

"हां, जब्बार," मी म्हणालो.

मग तो आमच्याशी बोलायचा थांबला. फोन तसाच चालू होता. पलीकडून तो घरच्या बोलीत, सावकाश, एखाद्या आजाऱ्याच्या उशाशी वाकून बोलावं तसं म्हणाला, "मानता हूँ, अब्बा. मैं मानता हूँ." थोडं थांबून परत म्हणाला. मग फोन बंद झाला.

नर्मदाबाईंनी मोबाईल पाटावरून उचलून पदराने पुसला.

"कोणसंगे बोलना तो?" त्यांनी विचारलं.

"त्यान्हा बापसंगे," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "उचलला व्हयी त्यान्हा बापनी फोन," त्या म्हणाल्या, आणि पाट उचलून भिंतीशी उभा केला.